दोघींतली एक

भोरला नीरेच्या काठी संस्थानाच्या वेळची घोड्यांची पागा होती. संस्थान विलीन झालं, घोडी कुठं गेली कुणास ठाऊक, आणि काही वर्षं रिकाम्या पडलेल्या त्या पागेला चुना फासून तिथं मुलींचं वसतिगृह सुरू झालं. गव्हाणींत आता पाट्या-पुस्तकं आणि मुलींची धडुती राहू लागली. भोरातली माणसं मात्र तिला पागाच म्हणत आणि तिथल्या मुलींना पागेतल्या पोरी.

ही पागा सांभाळायच्या सगुणाबाई. त्या वरवे बुद्रुकच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पदरी मूलबाळ नसताना कपाळ पांढरं झालं, तेव्हा थोरल्या भावानं हट्टानं शिकवलं आणि त्या मास्तरीण झाल्या. दिवसा शाळा आणि उरलेला सगळा वेळ पागेत. तिथल्या मुली म्हणजे कुणाच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, कुणाची पोरं कडेवर वागवणाऱ्या, बाजारात डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या. बहुतेक पोटावर ठेवलेल्या. दोन वेळा खायचं आणि पडेल ते काम करायचं. सगुणाबाई मालकांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, भांडायच्या, वेळ पडली तर पदर पसरायच्या, पण पोर घेऊनच उठायच्या. बाई पोरी पळवतात, असंही गावात कुणी कुणी म्हणे. बाई ते कानाआड करत. आपण करतो ते बरोबरच आहे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती.

ठकूलाही त्यांनी अशीच आणली होती. दवाखान्यात एका मुलीच्या डोळ्यांत औषध घालायला गेल्या, तेव्हा बाकड्यावर एक आठ-नऊ वर्षांची पोर बसलेली दिसली. उकळती आमटी सांडून हात कोपरापर्यंत भाजला होता. पोर रडत नव्हती. कंपाउंडर मलम लावत होता आणि ती सारखी विचारत होती, “आता जाऊ का? भांडी पडल्यात.” एस. टी. थांब्याजवळच्या कुंडलिकच्या खाणावळीत ती भांडी घासायची. तिला सगळे बारकी म्हणत. खरं नाव तिलाही ठाऊक नव्हतं, आणि कुंडलिकलाही. बाईंनी तिला आपल्या आत्याचं नाव ठेवलं, ठकू.

ठकू पागेत आली त्याला वर्ष होत आलं होतं. शिमगा होऊन गेला होता. बाजाराचा दिवस होता. दुपारी मुली अंगणात पाढे म्हणत बसल्या होत्या, आणि फाटकाशी एक धनगरीण येऊन उभी राहिली. खांद्यावर घोंगडं, हातात फडकं बांधलेलं तुपाचं गाडगं, पाय धुळीनं भरलेले.

“पोरी ऱ्हात्यात ती हीच का जागा?”

“हीच. कुणाकडं आलात?” सगुणाबाईंनी विचारलं.

“माजी पोर हाय हितं. भागू.”

“भागू नावाची कुणी नाही इथं.”

“नाव बदललं आसंल,” बाई म्हणाली आणि विचारायच्या आधीच आत आली. मुलींच्या रांगेसमोरून ती एकेकीचं तोंड न्याहाळत चालली. धोंडीपाशी थांबली, तिची हनुवटी धरून वर केली आणि एकदम म्हणाली, “हीच की गं माजी बाय!”

धोंडी हिसका देऊन मागं सरली. “मला आय हाय! खानीवर दगड फोडती!” बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. बाईचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात ठकू चुलीवरचं पातेलं राखेनं घासत होती. कुणी सांगितलेलं नसतानाही ती भांडी दिसली की घासायला बसायची.

“मंग ही आसंल,” बाई म्हणाली.

सगुणाबाईंच्या डोक्यात तिथंच काहीतरी खटकलं. आई कधी ‘असेल’ म्हणते का? त्यांनी बाईला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि नीट विचारलं.

तिचं नाव बयाबाई. वेल्ह्याच्या पलीकडं, केळदच्या वरच्या अंगाला त्यांचा वाडा, म्हणजे चार-पाच झोपड्या आणि शेरडं-मेंढरं. पाच-सहा वर्षांमागं बाळंतपणात तिला तापानं धरलं. पोटातलं गेलं, शेरडांत रोग पडून तीही मेली. नवरा म्हादू एकटा काय काय बघणार? थोरली भागू तेव्हा तीन-चार वर्षांची. त्यानं तिला विंझरला एका दुकानदाराच्या घरी नेऊन ठेवली. पाळणा हलवील, चार घास खाईल.

“म्या शुद्धीवरच न्हवते, बाई. उठले तवा पोर न्हाई. पावसाळा सरला तशी विंझरला गेले. दुकानाची मालकीन म्हनली, भोरला दिली बहिनीकडं. तवापासनं तूप घेऊन येते. दारं बघत हिंडते. पर भोर केवढं! कुनाच्या दारात इचारू?”

“काही खूण आहे का अंगावर?”

“हाय तर! पोटावर डाग हाईत. तान्ही आसताना पोट फुगलं, तवा म्हातारीनं डागली व्हती.”

 ठकूच्या पोटावर डाग होते, हे सगुणाबाईंना माहीत होतं. पण धोंडीच्याही पोटावर होते. डोंगराकडच्या निम्म्या पोरींच्या पोटावर असतात. खुद्द सगुणाबाईंच्याही होते.

शेवटी त्यांनी ठकूला जवळ बोलावलं. “ठकू, ह्या बाईंना ओळखतेस का?”

ठकूनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं. बयाबाईकडं नाही, सगुणाबाईंकडं. “व्हय.”

“नीट बघ. ही तुझी आई आहे?”

“व्हय, बाई.”

सगुणाबाईंना शंका आली. त्या म्हणाल्या, “की ही तुझी आई नाही?”

“न्हाई, बाई,” ठकू तितक्याच आज्ञाधारकपणे म्हणाली.

“अगं, तुला काय वाटतं ते सांग.”

ठकूला प्रश्नच कळला नाही. राखेनं माखलेले हात तिनं पाठीमागं नेले. “तुमी म्हनाल तसं.”

सगुणाबाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर ही पोर आपल्याकडं आहे, वाचायला शिकली, पाढे शिकली. आपण तिला सोडवून आणली असं आपण समजत होतो. तिला मात्र मालक बदलल्याइतकाच फरक कळला होता की काय? बयाबाईला त्यांनी कसंबसं समजावलं, पुढच्या बाजारी या, तोवर मी चौकशी करते. ती उठली. जाताना ठकूसमोर थांबली, तिच्या डोक्याला हात लावावा की नाही, ते तिला ठरवता येईना. मग तसाच पदर सावरून निघून गेली.

संध्याकाळी सगुणाबाई आनंदरावांकडं गेल्या. ते संस्थानच्या न्यायालयात कारकून होते, आता वसतिगृहाच्या समितीचे प्रमुख. माणूस भला, पण सरळ उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“आईला लेक दिली नाही, तर गाव आपल्या तोंडात शेण घालील,” ते म्हणाले.

“मग देऊ?”

“आणि परकीच्या हाती दिली, तर ते पाप कुणाच्या माथ्यावर?”

“मग नको देऊ?”

“पुरावा बघा, बाई. पुरावा.”

परत येताना त्या मुद्दाम एस. टी. थांब्यावरून आल्या. खाणावळीच्या पडवीत बयाबाई जेवत बसलेली त्यांना दिसली, आणि कुंडलिक स्वतः तिच्या ताटात भात वाढत होता. बाई रस्त्याच्या पलीकडंच थांबल्या. हा तर ह्याचाच डाव! पोर हातची गेली म्हणून ही बाई उभी केली. आज आई म्हणून न्यायची आणि उद्या पुन्हा भांड्यांना बसवायची.

बयाबाई गेल्यावर त्या कुंडलिकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “ही कोण आणलीस तू?”

“म्या आनली न्हाई, बाई. ती दर बाजारी पोरीचं इचारत फिरती. मला काल-परवा कळलं. म्हटलं, आपली बारकी तर नसंल? म्हनून पागेचा रस्ता दावला.” कुंडलिकनं हात धोतराला पुसले. “माज्याकडं एक कारकून जेवाया यायचा. बायको वारली त्याची. विंझरची व्हती ती. बदली झाली तवा पोर हितं ठेवून गेला. म्या तिला उपाशी ठेवली न्हाई, बाई. पर तिचा हात भाजला त्याचं मला वाईट वाटतंय. आई आसंल तर भेटू दे की.”

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, ते बाईंना कळेना. चोर समजून ज्याच्यावर धावून गेलो, त्याच्याच डोळ्यांत पाणी बघून माणसानं काय करायचं?

शाळेला सुट्टी बघून सगुणाबाई विंझरला निघाल्या. एस. टी.नं नसरापूर, तिथून वेल्ह्याच्या वाटेनं दुसरी गाडी. मार्गासनीच्या पुढं गाडीनं दम सोडला आणि उरलेली वाट त्यांनी चालत काढली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. मालकीण रतनबाई आता पन्नाशीकडं झुकलेली, एकटीच पडवीत शेंगा फोडत बसली होती. बाई भोरवरून आल्या म्हटल्यावर तिनं गुळाचा चहा टाकला, लहानपणीची ओळख असल्यासारखी बोलली. पोरीचं नाव निघालं, तशी मात्र तिचा हात थांबला.

“एक न्हवती, बाई. दोगी व्हत्या.”

“दोघी?”

“एक धनगराची. दुसरी वेल्ह्याकडनं एक म्हातारी सोडून गेली, तिला कुनीच न्हवतं. दोगी एवढ्या एवढ्याशा. माजी पोरं ल्हान, मला मदत व्हायची. त्या साली गोवर आला. माजीच तीन पडली व्हती. त्यातच ह्या दोगींतली एक गेली.”

“कोणती?”

रतनबाईनं चहाचं आधण खाली उतरवलं. “आता काय सांगू? आमी दोगींनाबी पोरी म्हनायचो. ए पोरी म्हटलं की दोगीबी पळत यायच्या. मालकांनी रखमाजी गड्याकडनं ओढ्याच्या कडंला पुरली. दुसरीला म्या भोरला बहिनीकडं धाडली, हितं जगायची न्हाई म्हनून. नवरा कारकून व्हता तिचा, पर तीबी वारली.”

“आणि तिची आई आली होती, तिला काय सांगितलंत?”

“मालक म्हनले, भोरला दिली म्हनून सांग. म्हंजे ती रडत बसायची न्हाई.” रतनबाईनं पदर तोंडाला लावला. “तवा वाटलं, बरंच केलं.”

परतीच्या वाटेवर सगुणाबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. ठकू ह्या दोघींतलीच एक, एवढं नक्की. पण कोणती, ते आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. हे बयाबाईला सांगावं का? सांगितलं तर आजवर जिवंत असलेली तिची लेक आपण अर्धी मारणार. नाही सांगितलं तर आपल्यात आणि त्या दुकानदारात फरक काय? मार्गासनीपासून नसरापूरपर्यंत त्यांनी सांगायचं ठरवलं, नसरापूरपासून भोरपर्यंत न सांगायचं.

बाजाराच्या दिवशी बयाबाई आली, आणि तिला समोर बघितल्यावर बाईंच्या तोंडून सगळं निघून गेलं. उलटसुलट, मधलं आधी आणि आधीचं मागून, पण निघालं. बयाबाई तुपाच्या गाडग्याचं फडकं सोडत होती, परत बांधत होती.

“म्हंजे ही माजी आसंल,” ती म्हणाली, “न्हाईतर माजी मेली.”

“हो.”

“आन् ही माजी नसंल, तर हिला कुनीच न्हाई.”

“नाही.”

बयाबाई उठली. ठकूकडं न बघताच फाटकातून बाहेर पडली. गाडगं ओट्यावरच राहिलं.

पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सगुणाबाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. एके दिवशी त्या मुलींच्या वेण्या घालत होत्या. ठकूचा नंबर आला. मान खाली घालून बसलेली ठकू हळूच म्हणाली, “बाई, ती बाई आली न्हाई?”

बाईंचा हात थांबला. ठकूनं आपण होऊन काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. “तू वाट बघतेस का तिची?”

“व्हय.” मग म्हणाली, “न्हाई.” मग मान वळवून तिनं बाईंकडं पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मला ठावं न्हाई.”

त्या उत्तरानं सगुणाबाईंना एवढा आनंद का व्हावा, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

चैत्र सरता सरता बयाबाई आली. वाळली होती. आज तिनं सगुणाबाईंशी बोलणंच काढलं नाही. सरळ ठकूसमोर जाऊन उकिडवी बसली.

“पोरी, माज्या घरी येतीस का? तुजी आई म्या हाय का न्हाई, मलाबी कळंना. लई इचार केला. पर ये.”

ठकू पाय चोळत उभी राहिली. सगुणाबाई काही बोलणार होत्या, पण त्यांनी ओठ दाबून धरले.

“तिकडं साळा हाय?” ठकूनं विचारलं.

“न्हाई गं बाय.”

“शेरडं हाईत?”

“हाईत. तीन करडंबी झाल्यात.”

ठकूनं विचार केला. “मंग साळा सुटल्यावर येईन. पर साळंला परत येनार.”

“बरं,” बयाबाई म्हणाली, आणि हसावं की रडावं हे न कळून ती दोन्ही करू लागली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं सगुणाबाईंना विचारलं, “बाई, त्या दुसरीला कुनी काय केलं का? निवद, भात-बीत?”

“कुणी केलं असेल?” सगुणाबाई म्हणाल्या.

“मंग मला ती जागा दावा.”

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच दिवशी तिघी विंझरला उतरल्या. ठकूजवळ तिच्या धडुत्यांचं बोचकं होतं. रतनबाई समोर आली नाही. तिनं रखमाजीला बरोबर दिलं. म्हातारा काठी टेकत ओढ्याच्या कडेनं पुढं चालला. एका निरगुडीच्या जाळीपाशी थांबला, मग जरा पुढं गेला, मग परत मागं आला.

“हितंच कुठंतरी,” तो म्हणाला. “मागं लोंढा आला आन् ओढ्यानं कड बदलली. दगुड ठेवला व्हता म्या. आता दिसंना.”

तिघी त्या वाळक्या कडेकडं बघत राहिल्या. दाखवायला काहीच नव्हतं. वाळू, गोटे आणि निरगुडी. बयाबाईनं पदरातली भाकरी सोडली, तिच्यावर तूप घातलं आणि तीन-चार ठिकाणी तुकडे ठेवले, कारण नेमकी जागा कुणालाच माहीत नव्हती. मग वाकून तिनं हाक मारली, “भागू गं...” आणि मध्येच थांबली. मागं वळून तिनं ठकूकडं पाहिलं. भागू तिथं मागं उभी असेल, तर मग हितं कोण?

“तिचं नाव काय व्हतं?” ठकूनं विचारलं. “दुसरीचं?”

रखमाजीनं मान हलवली. सगुणाबाईंनाही सांगता आलं नाही.

बयाबाई पुन्हा वाळूकडं वळली. “जी कोन आसशील ती खा, बाई,” ती म्हणाली आणि तिथंच मटकन बसली. तिचं रडणं कुणासाठी होतं, ते तिचं तिला तरी कळलं की नाही, देव जाणे. सगुणाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली. आपलं इथं काय नातं, हेही त्यांना उमजेना. ठकू रडली नाही. तिनं ओढ्यातले गोल गोटे वेचून आणले आणि भाकरीच्या प्रत्येक तुकड्याजवळ एकेक ठेवला.

रस्त्यावर आल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इथून बयाबाईची वाट वर डोंगराला लागत होती आणि सगुणाबाईंची गाडी खाली नसरापूरकडं जाणार होती. धुरळा उडवत गाडी आली. सगुणाबाईंच्या मनात पन्नास गोष्टी आल्या. पोर तिकडं रमली तर? ह्यांनी तिचं लग्नच लावून दिलं तर? आणि ती खरंच तिथलीच असली, तर परत मागायचा आपल्याला काय अधिकार?

“नीट राहा,” एवढंच त्या म्हणाल्या.

“व्हय, बाई,” म्हणून ठकू बोचकं घेऊन बयाबाईच्या मागं चालू लागली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत बाई मागच्या काचेतून बघत होत्या. तिनं मागं वळून पाहिलं नाही. ते चांगलं की वाईट, याचा उलगडा त्यांना सुट्टीभर झाला नाही. आनंदरावांना विचारायची सोय नव्हती. ते दोन्ही बाजूंनी बोलले असते.

शाळा उघडली त्या सकाळी बाई फाटकाशी उगाच केर काढत होत्या. रस्त्यानं दोघी येताना दिसल्या. बयाबाई पुढं, ठकू मागं. पोर उन्हानं काळवंडली होती, केसांना तूप चोपडलेलं, अंगाला शेरडांचा वास. आत आल्या आल्या तिनं चुलीकडं पाहिलं. तिथं उष्टी पातेली पडली होती. त्यांच्याकडं पाठ करून ती गव्हाणीपाशी गेली आणि आपली पाटी शोधू लागली.

“पुढच्या बाजारी येते,” बयाबाई म्हणाली.

“या,” सगुणाबाई म्हणाल्या. “ठकूला काय म्हणून हाक मारता तुम्ही घरी?”

बयाबाई जरा ओशाळली. “दोनी नावं घेते, भागू आन् ठकू. जिला जायाचं ती जाईल, जिला यायाचं ती येईल.”